वावरावरून गेलेलं जहाज

सुट्टीत घरी आले की दुपारी बाजेवर पडते, आणि बाज हलायला लागते. सेनगावकडचं आमचं घट्ट काळं रान, तरी अंगाखालून लाट येते नि जाते. आई म्हणते, "भोवळ आली असंल, लिंबूपाणी घे." कशाची भोवळ! वर्षभर शिकाऊ जहाजावर राहिलं की अंग जमिनीला लवकर ओळख देत न्हाई.

त्या जहाजावर जायला बाबांनी एका शब्दात हो म्हटलं, याचंच मला नवल वाटलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ धरणात बुडाला, तेव्हापासून ते विहिरीतसुद्धा वाकून बघत न्हाईत. मी भीत भीत विचारलं, "बाबा, जहाजावर शिकायला जाऊ का?" तर म्हणाले, "जा की. वरून आपलं वावर दिसलं तर सांग." मला वाटलं, थट्टा करून राहिले. आमच्याकडं आभाळातून जातं त्याला जहाज म्हणतात. पाण्यात चालते ती नाव. लहानपणी मीही तसंच म्हणायची, पण बाबांना विचारताना अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे.

जहाजावर सकाळी डेक घासायचा, मग दोरांच्या गाठी शिकायच्या, मग नकाशे. दुपारी टेहळणीला उभी राहिले की निळं निळं पाणी बघून डोळ्यांवर गुंगी यायची. आपण चाललोय की पाणी, काही कळायचं न्हाई. बंदराजवळ रेंज आली की घरी फोन लावायचा. एकदा बाबा म्हणाले, "आज तुझं जहाज सोयाबीनवरून गेलं. लई उंच होतं. मी हात केला."

तेव्हा कुठं मला उमगलं, बाबा मला विमानात समजून राहिले. खरं सांगावं तर ते परत बोलावणार, आणि मला समुद्र सोडवत नव्हता. न सांगावं तर बापालाच फसवायचं. शेवटी डोळे मिटून बोलले, "बाबा, माझं जहाज पाण्यात चालतं. आभाळात न्हाई."



"म्हाईत हाय मला," बाबा म्हणाले. "तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या आईनं सांगितलं. मी तर एसटीत बसून तुला आणायलाच निघालो होतो. ती म्हणली, लेकरू खुश हाय, राहू द्या."

"मग हात काहून करता?"

"पाण्याकडं बघवत न्हाई, माय. म्हून वर बघतो."