बाराशे माणसांचं पाणी

रीडिंगकाका कुठलाही आकडा दोनदा बोलतात. पाण्याच्या मीटरचं लोखंडी झाकण हुकाने उचलायचं, एक गुडघा टेकून बसायचं, खिशातल्या फडक्याने काच पुसायची आणि खाली कुणी बहिरा बसलाय अशा आवाजात सांगायचं, "शून्य चार तीन एक सात. शून्य चार तीन एक सात." मगच पेन कागदाला टेकणार. एकतीस वर्षं हेच. बाजारातसुद्धा त्यांच्या तोंडून "पाऊण किलो, पाऊण किलो" असंच निघतं, आणि नवा भाजीवाला असला तर बिचारा दीड किलो भरून मोकळा होतो.

माझ्या बाबांचे ते थोरले भाऊ. पण कॉलनीत सगळेच त्यांना रीडिंगकाका म्हणतात, अगदी त्यांच्यापेक्षा मोठी माणसंही. कॉलनी कागद कारखान्याची. आठ ओळी, चारशे घरं, एक टाकी, एक दवाखाना. कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली. भोंग्याच्या तारेवर आता कबुतरं बसतात.

एका माणसाला महिन्याला साधारण तीन युनिट पाणी लागतं, असा काकांचा अनुभव. सहा आलं की घरात दोघं, बारा आलं की चौघं. बाळ झालं की काटा उडीच मारतो. आठव्या ओळीतल्या एका सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या की सून माहेरी गेलीय, येईल हो चार दिवसांत, आईला बरं नाही ना तिच्या. काकांनी दुसऱ्या महिन्याला मीटर पाहिलं आणि घरी येऊन काकूला म्हणाले, ती काही येत नाही. आली नाही. पण बाहेर कुणापाशी त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पाणी खरं बोलतं, म्हणून आपण बोलायची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या बाबांनी एकदा मीटरच्या अलीकडून नळी जोडून झाडांना पाणी घेतलं होतं. काकांनी सख्ख्या भावाची नोंद वहीत केली, नळाला सील ठोकलं, आणि संध्याकाळी आपल्या घरून दोन बादल्या भरून आणून दारात ठेवल्या. बाबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पाणी मात्र प्यायले.

नंतर आम्हीही गेलो. बाबांना शहरात काम मिळालं. त्या महिन्यात आमच्या मीटरवर शून्य आलं असणार, आणि ते काकांनी दोनदा म्हटलं असणार.

जनगणना आली तेव्हा मी सुट्टीला काकांकडे होते. मोजणीचं काम खरं तर शाळेतल्या मास्तरांचं. पण शाळेत मास्तरच उरले नव्हते, म्हणून ते काकांच्या गळ्यात पडलं. समजावून सांगायला वरचे साहेब घरी आले. "थोडक्यात सांगायचं तर," असं ते म्हणाले, आणि चहाचे दोन कप होऊन तिसरा निवेपर्यंत थोडक्यातच सांगत होते. सार एवढंच की जो सहा महिने इथे राहतोय तो इथला. आणि घरातला माणूस जे सांगेल ते लिहायचं. पुरावा मागायचा नाही, वाद घालायचा नाही.

"म्हणजे मला माहीत असलं तरी?" काकांनी विचारलं.

"थोडक्यात सांगायचं तर, हो," साहेब म्हणाले. हे मात्र खरंच थोडक्यात होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या दारावर एक कागद चिकटला. राज्यभर नव्या मोजणीप्रमाणे दवाखान्यांची फेरमांडणी होणार. जिथे बाराशेपेक्षा कमी वस्ती, तिथला दवाखाना मोठ्या गावातल्या दवाखान्यात मिळवणार. मोठं गाव पस्तीस किलोमीटरवर, आणि बस दिवसाला दोन.

काकूच्या उजव्या पायाची दोन बोटं साखरेने आधीच नेली होती. आता टाचेला जखम होती. एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि त्यात खाडा झाला तर पाय जाईल, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलेलं. ड्रेसिंग दवाखान्यातल्या सिस्टर करायच्या. आवाज फाटका, हात हलका. काकूने पाय आखडला की म्हणायच्या, "पाय सैल सोडा, मी काही सुतार नाही." काकूला तेवढ्यावर हसू यायचं, आणि हसेपर्यंत जुनी पट्टी निघालेली असायची.

मोजणीला निघायच्या आदल्या दिवशी काकूने विचारलं, किती होतील हो? काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "आठशे साठ. फार तर पाच-दहा वर." मागच्या मोजणीला तेवीसशे होते.

दारावरचा कागद कॉलनीत सगळ्यांनीच वाचला होता. त्यामुळे काका दारोदार फिरायला लागले तशी घरं एकदम भरली. दुसऱ्या ओळीत कोपऱ्यावरची मावशी आणि तिचा नवरा, दोघंच राहतात. मावशीने सात सांगितले. खोटं कशाला बोलू, मला काय मिळणार आहे खोटं बोलून, असं चार वेळा म्हणून तिने मुलगा, सून, दोन नातवंडं आणि जावयाचा भाऊ लिहवून घेतला. जावयाचा भाऊ इथे कुठे, म्हणून काकांनी नुसतं वर पाहिलं, तर म्हणाली, मनाने तो इथेच असतो. फिटर आजोबा एकटेच. त्यांनी पाच जण जमवले, पण वयं सांगताना घोटाळा झाला. थोरला मुलगा एकसष्ट, धाकटा अठ्ठावन्न, आणि स्वतः एकोणसत्तर. काका पेन धरून थांबले. आजोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, आमच्या वेळी लग्नं लवकर व्हायची.

काकांनी लिहिलं. पाच, पाच. सात, सात. प्रत्येक दारात आकडा दोनदा बोलून लिहिला, वाद घातला नाही. संध्याकाळी घरी आले की हात मात्र साबणाने चांगले घासून धुवायचे, जसं काही दिवसभर मीटरच्या खड्ड्यात होते.

शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. काका टेबलाशी रीतसर बसले, समोर काकू, पाय स्टुलावर. नाव विचारलं तेव्हा काकूला हसू आलं, म्हणाली, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारताय. वय विचारलं, शिक्षण विचारलं. मग विचारलं, घरात माणसं किती.

काकूने माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. "सहा."

सहा म्हणजे ती दोघं आणि आम्ही चौघं. मी तिथे बसले होते, पण दोन महिन्यांपुरती. बाबांनी तर तीन वर्षांत कॉलनीचं फाटकही पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांचं लिहिलंत," काकू म्हणाली. "माझंही लिहा."

काकांनी लिहिलं. सहा. एकदाच म्हणाले.

सगळी बेरीज झाली बाराशे चौदा. आमचे चौघं नसते तरी चाललं असतं.

पंधरा दिवसांनी साहेब परत आले. या वेळी चहा नको म्हणाले, तेव्हाच काकू आतून बाहेर येऊन बसली. थोडक्यात सांगायचं तर, वरच्या कार्यालयात कुणालातरी हा आकडा जास्त वाटला होता. शेजारच्या सगळ्या वस्त्या ओसरल्या आणि हीच एक कशी टिकली? म्हणून त्यांनी पडताळा घ्यायचं ठरवलं होतं. पडताळा पाण्याचा. मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं आणि चालू महिन्याचं रीडिंग.

"आणि ते सगळ्यांनी एकमताने मान्य केलं हं," साहेब कौतुकाने म्हणाले. "कारण रजिस्टर तुमचं. त्यावर कोण बोट ठेवणार?"

जाता जाता साहेबांनी हळूच सांगितलं की मागचं काही सांगून निभावता येईल, लोक गावाला गेले होते वगैरे, पण या महिन्याचं पाणी तरी माणसांना शोभेल असं दिसायला हवं.

ही गोष्ट काकांनी कुणाला सांगितली नाही. साहेबांनीच वाटेत सात-आठ जणांना सांगितली असावी, थोडक्यात. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ओळीच्या गटारातून पाणी वाहत होतं.

बंद घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे असतातच. शेजारी आत गेले आणि नळ सोडून आले. न्हाणीघरातले, स्वयंपाकघरातले, मागच्या दारचे. राहत्या घरांतही कोण मागे राहील? मावशीकडे तीन नळ अखंड चालू. काका समोरून गेले तर म्हणाली, सात माणसं आहोत, आंघोळी नकोत? फिटर आजोबांनी तर जुन्या मोटारीला पाईप जोडून अंगणात कारंजं केलं, आणि पोरं नसलेल्या कॉलनीत ते एकटेच त्याच्याकडे बघत बसले. चार दिवसांत गटाराच्या कडेने हिरवंगार गवत आलं. पाच वर्षांत कॉलनी इतकी जिवंत दिसली नव्हती.

एकतीस वर्षं ठिबकणाऱ्या तोटीसाठी दार ठोठावणारा माणूस आता या सगळ्यातून मान खाली घालून चालत होता. एकदाही कुणाला टोकलं नाही. घरी मात्र आमच्या मोरीतला नळ दिवसातून दहा वेळा आवळायचे, तो बंदच असायचा तरी.

टाकी पूर्वी संध्याकाळपर्यंत पुरायची. ती आता अकराला रिकामी व्हायला लागली, मग नऊला. दवाखाना चढावर आहे, त्यामुळे पाणी कमी पडलं की पहिलं त्याचं जातं. बुधवारी आम्ही काकूला घेऊन गेलो तर सिस्टर दारातच उभ्या. हात धुवायला पाणी नाही, चिमटे उकळायला पाणी नाही. त्यांनी कोरडीच पट्टी वरून बदलली आणि उद्या या म्हणाल्या. उद्याही पाणी नव्हतं. मी घरून बादली नेली, तर ते पाणी उकळून त्यांनी वापरलं, आणि जखम उघडून नीट पाहिली. सुताराचंसुद्धा नाव नाही.

काका बाहेर बाकावर बसले होते. सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या.

"तुम्ही दवाखाना वाचवताय, ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पाय पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार नाही."

काका उठले. घरी जाऊन त्यांनी हूक आणि लांब पान्हा घेतला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बंद घराचं झाकण उचलायचं, गुडघा टेकायचा, पान्ह्याने मीटरशेजारचा कॉक फिरवायचा, आत पडणारं पाणी थांबल्याचा आवाज ऐकायचा, झाकण लावायचं. दुपारी दोनला सुरू केलं ते उन्हं उतरेपर्यंत. त्रेसष्ट घरं. तिसऱ्या ओळीत आमचंही जुनं घर होतं. तिथेही कुणीतरी नळ सोडला होता. काकांनी तो कॉकही बंद केला, सील ठोकलं होतं तसाच घट्ट.

लोक दारात येऊन उभे राहिले. मावशी एवढंच म्हणाली की बायकोचा पाय आहे म्हणून आम्ही सगळे करत होतो, रीडिंगकाका, आमच्या पायाला काही झालेलं नाही. काकांनी मान हलवली आणि पुढच्या झाकणाकडे गेले.

शुक्रवारी दवाखान्यात पाणी आलं. ड्रेसिंग झालं.

तीस तारखेला काकांनी रीडिंग घेतलं, जे होतं ते. दोन दिवसांनी साहेब सहा रजिस्टरं आणि मोजणीचे कागद घेऊन बसले. कुठून सुरुवात करावी म्हणून त्यांनी काकांचंच घर काढलं, म्हणजे बिनघोर एक तरी नोंद होईल. त्यांचं बोट कागदावरच्या सहावर, मग रजिस्टरवरच्या सहावर. सहा महिने ओळीने सहा युनिट, फक्त या महिन्यात नऊ, कारण मी होते.

"सहा माणसं, आणि सहाच युनिट?" साहेबांनी विचारलं. बाजूने उत्तरही सुचवलं, पाणी कमी वापरत असाल?

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दोन," काका म्हणाले. "दोन."

त्यानंतर साहेबांना फार काही विचारावं लागलं नाही. नवी मोजणी दुसऱ्या गावच्या माणसाने केली. आठशे अठ्ठावन्न.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं आणि कागदही कुणीतरी फाडलेला. सातव्या ओळीतल्या सिस्टरांच्या मीटरवर शून्य होतं. मावशी काकांना पाहून दार लावून घेते. फिटर आजोबा बोलतात, पण हवेबद्दल. काकूचं तिसरं बोटही गेलं होतं. बसने एकदा जाऊन यायला अख्खा दिवस लागतो, म्हणून आठवड्यातून एकदाच नेतात.

बाकीचं काका करतात. सिस्टरांनी जायच्या आधी आठ दिवस त्यांना शिकवलं होतं. ते पाणी उकळतात, कोपरापर्यंत हात धुतात, कापसाचे बोळे दोनदा मोजतात. मग खुर्ची पुढे ओढून काकूचा पाय मांडीवर घेतात.

काकूने पाय आखडला. काकांनी घसा खाकरला आणि कधी कुणाची नक्कल न केलेल्या त्या माणसाने सिस्टरांचा फाटका आवाज काढायचा प्रयत्न केला.

"पाय सैल सोडा, मी काही सुतार नाही."

आवाज मुळीच जमला नव्हता. काकू हसली नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि पाय सैल सोडला.

"तिचा हात हलका होता," ती म्हणाली.

काकांनी जुन्या पट्टीवर कोमट पाणी ओतलं आणि ती सुटायची वाट बघत बसले.