काट्याजवळ गुणगुणू नये

समजा, तुमचं सेवा केंद्र आहे. लोह्याच्या बसस्टँडसमोर एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र. समोर एक बाई बसली आहे आणि तुम्हाला तिचा ठसा घ्यायचा आहे. तुम्ही तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसता, काचेवर ठेवता, वरून हलकेच दाबता. यंत्र लाल होतं. दुसरं बोट घेता. लाल. दहाही बोटं संपतात. मग तुम्ही तिचा हात उजेडात धरून बघता, तर बोटांच्या टोकांवर एक रेघ नाही. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. होट्टलच्या देवळाचे दगड याच बोटांनी उचलले होते, आणि ते देऊळ उभं राहिलं त्याला नऊशे वर्षं होऊन गेली. आता फॉर्मवर काय लिहाल?

केंद्र चालवणाऱ्या धम्मप्रिया सोनकांबळेनं लिहिलं, 'ठसे झिजलेले.'

"जन्मसाल सांगा, आजी."

"तुझ्याकडं कोणकोणतं हाय?" केवळाबाईनं विचारलं.

"यादी १९०० पासून सुरू होते."

"मग तेच टाक. बाईमाणसाचं वय कमी दिसलं तर कुणाचं काय जातंय?"

लोह्यात जुन्या लोकांची सात घरं आहेत. त्यांचं कुणाला नवल नाही. कुणी सेंट्रिंगच्या कामावर जातं, एकजण शाळेत घंटा वाजवतो, केवळाबाई कोथिंबीर आणि लिंबं विकते. फार पूर्वी, म्हणजे देवळांच्याही कितीतरी आधी, डोंगराला हाक मारली की डोंगर सरकायचा, असा काळ होता. बालाघाटाच्या रांगा आपल्याच लोकांनी अशा वेड्यावाकड्या टाकून ठेवल्या आहेत, असं केवळाबाई सांगते, आणि त्यात तिला थोडी लाजही वाटते. त्या काळी त्यांच्या गाण्यानं दगड हलका होत असे. पुढं मोबाईलची बॅटरी उतरावी तसं गाणं उतरत गेलं. देवळांच्या कामापर्यंत जेमतेम पुरलं. गाणं गेलं, लोक मात्र राहिले.

"मरायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलंच न्हाई," केवळाबाई म्हणते. "आणि आता शिकायचा लई कंटाळा येतो."

गाणं पूर्ण संपलं आहे असंही नाही. केवळाबाई नुसती गुणगुणली तरी आजूबाजूचं वजन किलोमागं पन्नास ग्रॅमनं उतरतं. कांद्याची पोती उतरवताना हमाल तिला हौसेनं बोलावतात. शेजारचे आडते सिद्रामप्पा मात्र तिला बघितलं की काट्यावर झाकण टाकतात. त्यांनी दुकानात पाटीच लावली आहे : 'काट्याजवळ गुणगुणू नये.'

तर, बसस्टँडजवळचा रस्ता रुंद होणार होता. तिथल्या झोपड्यांतल्या सगळ्यांना नव्या वस्तीत पक्की घरं मिळाली होती. केवळाबाईच्या नावावर सात नंबरचं घर होतं. ओळख पटवली की किल्ली हातात, आणि सोमवारी सकाळी रस्त्याचं काम सुरू. म्हणून तर वस्तीतल्या बायकांनी तिला बुधवारी धम्मप्रियासमोर आणून बसवलं होतं.

"ठसा नसला तरी चालतं, आजी. चेहऱ्यावरून होतं. इकडं कॅमेऱ्यात बघा."

केवळाबाईनं पदर तोंडावर ओढला.

"का हो?"

"मशीनसुद्धा न्हाई म्हणून राहिली. मग तू कशाला व्हय म्हणतीस? मला न्हाई जायचं तिकडं."

"तिथं नळ आहे, पंखा आहे."

"आन् तो इथं आला म्हंजे?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. होट्टलचं काम आटोपून केवळाबाई आणि तिचा नवरा लोह्याला आले होते. तिच्या झोपडीपुढं काळ्या दगडाची मोठी फरशी आहे, त्या फरशीवर दोघं बसले होते. तिनं त्याला बाजारातून काहीतरी आणायला सांगितलं. तो 'आलोच' म्हणाला आणि गेला. जुन्या लोकांत एक रीत आहे. 'आलोच' म्हणून गेलेलं माणूस येईपर्यंत दुसऱ्यानं त्या जागेपासून हाकेच्या पलीकडं जायचं नाही. नाहीतर परत येणाऱ्यानं शोधायचं कुठं? केवळाबाई त्या दिवसापासून तिथंच आहे. गाव तिच्याभोवती वाढलं.

"नऊशे वर्षं, आजी?" धम्मप्रिया म्हणाली.

"त्याला पहिल्यापासून उशीरच व्हायचा."

धम्मप्रियानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. अडलेलं काम तिला झोपू देत नसे. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिच्या डोक्यात आलं : आजोबा जिवंत असतील, आणि या लोकांना मरण नाही म्हणजे असणारच, तर रेशनला, गॅसला त्यांनाही अंगठा लावावा लागत असेल. कुठल्या तरी केंद्रावर कुणीतरी आपल्यासारखंच डोकं धरून बसलं असेल. नांदेड-लातूरच्या केंद्रवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सर्व्हर बंद पडला की एकमेकांना रडगाणं ऐकवायला त्याचा उपयोग व्हायचा. केवळाबाईकडून खुणा विचारून तिनं त्यावर लिहिलं : 'एक आजोबा शोधत आहे. दहाही बोटांचे ठसे येत नाहीत. डावा खांदा उतरलेला. नाव बदललेलं असेल. गुणगुणतात.'

दुपारी उदगीरहून शिवकन्या नावाच्या मुलीचं उत्तर आलं. 'ताई, आमच्या मोंढ्यात चंद्रप्पा म्हणून एक आजोबा आहेत. ठशाचं माहीत नाही, त्यांनी अजून अंगठा लावलाच नाही. पण कोणताही आडत्या त्यांना काट्याजवळ उभं राहू देत नाही.'

धम्मप्रिया दुपारचा चहा तसाच ठेवून केवळाबाईकडं पळाली.

शुक्रवारी व्हिडिओ कॉल लागला. इकडं फरशीवर केवळाबाई, तिकडं पोत्यांच्या थप्पीला टेकलेला डावा खांदा उतरलेला एक म्हातारा. केवळाबाई फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "किती वाळलास रे."

"तू तशीच हायेस."

"मग येईना का झालास?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. जुन्या लोकांच्या रीतीचा दुसरा भाग असा, की सांगितलेली वस्तू घेतल्याशिवाय परत यायचं नाही. "उदगीरच्या बाजारात पोचलो," तो म्हणाला, "आन् इसरलो. मीठ सांगितलं होतंस का चुना? आठवल तवा घेऊन जाऊ म्हणून बसलो. इचार करून राहिलो अजून. तूच सांग आता. मीठ का चुना?"

केवळाबाई सांगायला गेली. तिलाही आठवेना.

"थांब," ती म्हणाली. "आठवते."

"आठव. मी हाय इथंच."

धम्मप्रियानं बोटांवर दिवस मोजले, सोमवारला तीनच उरले होते. या दोघांचं आठवणं संपेपर्यंत रस्ता होऊन, उखडून, पुन्हा दहा वेळा झाला असता.

"आजोबा," ती मध्येच म्हणाली, "दोन्ही घेऊन या ना!"

नऊशे वर्षांत हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

"दोन्ही?" केवळाबाईनं हळूच विचारलं. "रीतीत बसतं का?"

"त्यातलं एक तर सांगितलेलं असणारच ना."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बंदे, बंदे!" तो ओरडला.

"काय म्हणतो गं हा?"

पलीकडून शिवकन्या हसली. "इथं राहून कानडी शिकलेत, आजी. 'आलोच' म्हणतायत."

'आलोच' ऐकून धम्मप्रिया आणखी घाबरली. तिनं शिवकन्याला वेगळा निरोप पाठवला : 'त्यांच्यावर सोडू नकोस. तू स्वतः एसटीत बसव. कंडक्टरला सांग, मधे जळकोटला उतरू देऊ नका.'

रविवारी दुपारी गाडी लागली. चंद्रप्पा एका हातात मिठाची पिशवी, दुसऱ्या हातात चुन्याची पुडी घेऊन उतरला. केवळाबाई फरशीवरून उठली नाही. तो जवळ येऊन उभा राहिला, तेव्हा तिनं वर बघितलं.

"उशीर केलास."

"बाजारात गर्दी होती."

वस्तीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. केवळाबाईही हसली, पदराच्या टोकानं डोळे पुसत. मग लगेच तिनं टेबलासमोर बसून कॅमेऱ्यात बघितलं. लॅपटॉपवर हिरवी खूण आली आणि किल्ली मिळाली. पण तिनं नवीन अट घातली : फरशी सोबत न्यायची.

चार हमालांनी पहारी लावल्या. फरशी जागची हलली नाही. टेम्पोवाला तर बघूनच मागं सरकला. तेव्हा चंद्रप्पा चुन्याची पुडी खिशात टाकून एका बाजूला बसला, केवळाबाई दुसऱ्या बाजूला.

"सूर आठवतो का?"

"ते कसं इसरंल?"

दोघं गुणगुणायला लागली. गाणं मुळात दोघांचं होतं. एकटीच्या गळ्यानं किलोमागं पन्नास ग्रॅमच उतरायचे. सिद्रामप्पांच्या दुकानातून आरडाओरडा ऐकू आला, "काटा बंद करा रे! आकडा शून्याच्या खाली चाललाय!" आणि इकडं ती दोघं, एकेका हाताच्या दोन-दोन बोटांवर फरशी धरून, रस्त्यानं सात नंबरच्या घराकडं निघाली. एक कुत्रं फरशीवर बसलं होतं, तेही तसंच गेलं.

आता फरशी नव्या घराच्या दारात आहे. आत पंखा फिरतो. चंद्रप्पाला सिद्रामप्पांनीच पोती उतरवायच्या कामाला ठेवलं आहे, काट्यापासून वीस पावलं लांब. धम्मप्रिया दर बुधवारी कोथिंबीर घ्यायला येते. केवळाबाई तिला फरशीवर बसवते. फळीवर मीठ आणि चुना शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही अजून फोडलेले नाहीत.

"वापरा की, आजी."

"वापरायचं कोणतं पण?" केवळाबाई फळीकडं बघत म्हणते. "मीठ सांगितलं असंल तर चुलीवर कायतरी होतं. चुना सांगितला असंल तर भिंत पांढरी करायची होती. अर्धं ठेवलेलं काम हाय गं ते माझं, पुरं कराया पाहिजे. तू एवढी शिकलीस, तूच सांग : त्या दिवशी मी करत काय होते?"