डॉबनींची पहिली पत्रिका

सुलक्षणा डॉबनी! इंग्लंडमधल्या रीडिंगच्या मराठी मंडळात नवीन आलेला माणूस हे नाव ऐकून एकदा तरी थबकतोच. सांगलीच्या आष्टेकरांची ही मुलगी भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात आली, एक्स-रे काढणाऱ्या रॉबिन डॉबनीच्या प्रेमात पडली आणि आष्टेकरची डॉबनी झाली. उभा जन्म लोकांना झोपवण्यात गेला, पण बाई स्वतः मात्र जागेपणी स्वप्नं बघणारी.

तिच्या लग्नाच्या वेळी वडील फोनवर एवढंच बोलले होते, "डॉबनी? ना गाव, ना कुलदैवत! उद्या तुझ्या मुलीचं लग्न निघालं, तर पहिली पत्रिका ठेवशील कुणापुढे?" पुढे वडील गेले. गेल्या वर्षी रॉबिनही गेला. ते मेलं वाक्य मात्र डोक्यातून काही जाईना. आणि आता कस्तुरीचं लग्न खरंच निघालं होतं. रॉबिन एकुलता एक, त्याच्या मागेपुढे कुणी नाही. पत्रिका छापून आल्या, पण पहिली कुणाची हे ठरेपर्यंत सुलक्षणा एकीलाही हात लावू देईना.

"आई, जस्ट पोस्ट कर ना! लोकांना हॉटेल बुक करायचं असतं," कस्तुरी वैतागली.

"थांब गं जरा. लग्न आहे, पार्सल नाही."

मग तिने आडनावाचाच माग काढला. हजार वर्षांपूर्वी नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड घेतलं, त्या सुमाराला ही माणसं फ्रान्समधून समुद्र ओलांडून आली. मूळ नाव 'द ऑबिन्यी', म्हणजे ऑबिन्यी गावचे. "अगं बाई, हे तर ऑबिन्यीकर!" सुलक्षणा हरखून गेली. लोकांच्या तोंडी झिजत झिजत त्याचं डॉबनी झालं. त्यातल्या एका सरदाराची समाधी सॉमरसेटमधल्या एका खेड्यात, चर्चमध्ये आहे. आणि आपले आजोबा सॉमरसेटचे, एवढं तर रॉबिन नेहमी सांगायचा. झालं! बाईंना सासर सापडलं.

शनिवारी मायलेकी निघाल्या. गाडी कस्तुरी चालवत होती. बाहेर शेतांवर धुकं पसरलेलं, त्यात मेंढ्या दिसायच्या आणि विरायच्या. सुलक्षणाचा डोळा लागला. धुक्यातून रॉबिन आला, चिलखत घालून, घोड्यावर बसून. चिलखतावर त्याचा तो कोपरात फाटलेला हिरवा स्वेटर. "रॉबिन, अरे तू तर घोड्याला भितोस!" ती म्हणाली. "हळू बोल, सैन्य ऐकेल," तो कुजबुजला. ती झोपेतच हसली.

कस्तुरी गाडीतच थांबली. चर्चमध्ये कुणी नव्हतं. रंगीत काचांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडला होता आणि त्यात दगडाचा सरदार हात जोडून निवांत पहुडला होता. सुलक्षणाने बूट काढले. हळदकुंकू लावलेली पत्रिका त्याच्या पायांशी ठेवली, वर अक्षता आणि सुपारी.

"मामंजी," ती मोठ्याने म्हणाली, "उशीर झाला, पण आले हो. नातीचं लग्न आहे. यायचं बरं का."

"काही मदत हवी आहे का?" मागून कुणीतरी इंग्रजीत विचारलं. फुलांची बादली घेऊन एक म्हातारी उभी होती. सुलक्षणा अशी ओशाळली की विचारू नका! एका दमात तिने गाव, कुलदैवत, पत्रिका, सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने बादली खाली ठेवली. "तुम्हाला वाईट वाटेल, पण या सरदारांचा वंश कधीच बुडाला. आम्ही उरलेले डॉबनी त्यांच्या शेतावरचे, तबेल्यातले. मालकाचं नाव लागलं ते लागलंच. माझे आजोबा तर चर उपसायचे."

म्हणजे बाबा बरोबर होते! सुलक्षणा दगडावरच्या अक्षता वेचू लागली. मग तिचा हात मध्येच थांबला.

"आम्ही डॉबनी म्हणालात?"

"मी सारा डॉबनी. गावात आता मी एकटीच. पण आपलं रक्ताचं नातं आहे की नाही, हे नाही हं सांगता यायचं."

"अहो, रक्ताचं कोण विचारतंय! एक मुलूख, एक आडनाव, म्हणजे तुम्ही आमची भावकी. आणि भावकीला सोडून आमच्यात लग्न होत नाही!" सुलक्षणाने पत्रिका उचलली. "मामंजी, माफ करा," असं पुटपुटून तिने ती साराच्या ओल्या हातात ठेवली.

सारा पत्रिकेतला इंग्रजी मजकूर वाचू लागली. कस्तुरी रॉबिन डॉबनी, या नावावरून तिने हळूच बोट फिरवलं. तिचे कान लाल झाले होते.

"नवरीच्या वडिलांकडच्यांनी काय काय करायचं असतं तुमच्यात?" तिने विचारलं. "आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडून काही राहायला नको."

सुलक्षणा मटकन बाकावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रॉबिन गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.