ताराला भेटायला श्रीरामपूरला

लोक हिमालय पाहून येतात आणि लिहितात. आम्ही पाथर्डीहून श्रीरामपूरला जाऊन आलो. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, तरी एसटीने जायचं म्हणजे नगरला गाडी बदला, धूळ खा, कंबर मोडून घ्या आणि पोचेपर्यंत आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरून जा. मला ते विसरणं शक्य नव्हतं, कारण प्रवासाचं निमित्त शेजारच्या सीटवरच बसलं होतं.

निमित्त म्हणजे आमची ही, सुनंदा. श्रीरामपुरात जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंचं गौरव दालन झालंय आणि त्यात हिचा फोटो लागलाय. लग्नाआधी ही विमल होती आणि जिल्ह्याच्या खो-खो संघात खेळायची. लग्नात आमच्या घरच्यांनी विमलची सुनंदा केली. त्यानंतर ती पळाली ती फक्त उतू जाणाऱ्या दुधाकडे.

उद्घाटनाच्या वेळी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून जाणं हुकलं. पण फोटोचं हिला फारसं अप्रूप नव्हतंच. ध्यास होता ताराचा. तारा देवळाली प्रवराची, संघातली हिची जोडीदारीण. लग्नं झाली आणि दोघी एकमेकींना हरवून बसल्या. आता तिचाही फोटो तिथे लागला होता. हिने दालनात फोन करून बजावलं, "आमी मंगळवारी येतोय, तारालाबी बोलवा." तिकडून "हो, हो" असं उत्तर आलं आणि ही तयारीला लागली.

तयारी म्हणजे खारोड्या (बाजरीच्या भरड्याचं तिखट वाळवण). तारा उसाच्या पट्ट्यातली. तिला आमच्या कोरड्या भागातल्या खारोड्यांचं वेड. शिबिरात ती हिच्या ट्रंकेतून चोरून खायची म्हणे.

दिवाळी नुकतीच सरली होती. पाथर्डीच्या स्टँडबाहेर तोडणीला निघालेले ट्रक उभे होते. गाद्या, भांडी, शेळ्या, पोरं आणि कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडे एक कोयता म्हणतात), सगळं एकावर एक रचलेलं. गाडीत कंडक्टरने हिला अर्धं तिकीट दिलं आणि मला पूर्ण.

"सन्मान बायांचा हाय काका, आपन फकस्त संगं जायचं," तो म्हणाला. तो दिवस तसाच जाणार होता.

नगरला गाडी बदलली. पुढे राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी रांगत राहिली. मला डुलकी लागत होती, पण ही डबा मांडीवर धरून बोलत होती.

"आमी शेजारी बसायचो, पन तोंडं उलटीकडं. तारा मागून पळत यायची. पाठीवर हात आन् तोंडानं 'खो', दोनी संगंच पायजे. नुसता हात लावला तर फाऊल. आवो, तिचं तोंड मला आता आठवत न्हाई, पन तिचा खो अजून पाठीत हाय."

देवळालीचा थांबा म्हणजे राहुरी फॅक्टरी. तो आल्यावर चढणाऱ्या प्रत्येक बाईकडे तिने मान वाकडी करून पाहिलं. त्यातली एकही तारा नव्हती. "फुडं गेली आसंल," ती म्हणाली.

श्रीरामपूरला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी गाड्यावर भजी खाल्ली. हिने पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. तारा भेटल्यावर बरोबर खायचं होतं ना!

दालन एका मैदानामागे, पहिल्या मजल्यावर होतं. ही एकेक पायरी कठड्याला धरून चढली. वर दालन सांभाळणारे जोसेफ सर, निवृत्त क्रीडाशिक्षक, एकटेच पेपर वाचत बसले होते.

"बघा, बघा, निवांत बघा," म्हणत त्यांनी दिवे लावले. "दुसरं कुणी आलंय का?" हिने विचारलं. "नाही हो, आज तुम्हीच पहिल्या." "मग यील अजून," ही मला म्हणाली.

भिंतीवर गदा घेतलेले पैलवान, कबड्डीवाले, धावपटू. काचेच्या कपाटात ढाली आणि तळ झिजलेले बूट. खरं सांगतो, मला बसायला खुर्ची हवी होती. मी ती शोधत असताना ही एका जागी थबकली.

दोन फोटो शेजारीशेजारी होते. डावीकडे 'कु. तारा', उजवीकडे 'कु. विमल'. दोन वेण्या, मोठे डोळे आणि गळ्यात चंदनाचा हार. विमलच्या गळ्यात! आपल्याकडे असा हार कुणाच्या फोटोला घालतात हे सांगायला नको.

"अगं, मी विधुर झालो आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

ही हसली. भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सर, इकडं या जरा! जित्या मानसाला हार घातलाय तुमी!"

जोसेफ सर धावत आले. त्यांनी जीभ चावली. "चुकलं ताई. रंगकामाला फोटो उतरवले होते. परत लावताना भलत्याच फोटोला गेला. हा हार खरं तर शेजारच्या..."

ते थांबले, आणि हिचं हसूही थांबलं.

"कदी?"

"पावसाळ्यात. झोपेतच गेल्या."

"मी फोनवर म्हनले हुते, ताराला बोलवा."

"मीच घेतला होता फोन. आवाज तुटत होता, मी नुसतं हो, हो म्हणत राहिलो." ते काचेकडे बघत बोलत होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

सर हार काढायला पुढे झाले, पण हिने त्यांना थांबवलं. स्वतःच्या फोटोवरचा हार स्वतः काढला, पदराने पुसला आणि टाचा उंचावून ताराच्या फोटोला घातला. गुडघा दुखला असणार. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "देवळालीला तिच्या घरी जाऊन यायचं का?"

"कुनाकडं? मला तितं वळखतं कोन?"

राहुरी फॅक्टरी मागे पडल्यावर तिने डबा उघडला. एक मूठ मला दिली, एक स्वतः घेतली आणि खारोड्या चावत राहिली. त्या झणझणीत तिखट होत्या, त्यामुळे दोघांच्याही डोळ्यांतल्या पाण्याची चौकशी करायची गरज पडली नाही.

पाथर्डी आली. दिवसभराच्या प्रवासात मी काय पाहिलं म्हणाल, तर माझ्या बायकोला इतकी वर्षं कोण हवं होतं ते पाहिलं. आणि ते माणूस मी नव्हे, हे कळूनही मला वाईट वाटलं नाही. फक्त फार दमायला झालं.

गाडी रिकामी झाली तरी ही खिडकीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसूनच होती. "उतरा काकू," कंडक्टर म्हणाला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हलली नाही.

"नुसता हात लावून कुनी उठतं व्हय?" ती खिडकीकडे बघतच म्हणाली.

मी कंडक्टरकडे पाहिलं, घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "खो!"

ती उठली.