नरक्याच्या झाडांचा नकाशा
पाच वर्षांपूर्वी मी एका वयस्कर धनगरबाबांना दिलेला शब्द मोडला आणि आळ त्यांच्यावर येऊ दिला. काल भोरच्या आमच्या कॉलेजात कुणीतरी नरक्याची साल कुटत होतं. त्या कुजकट वासानं ते सगळं पुन्हा आठवलं. या झाडातलं द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालेल का, हे मी तेव्हा तपासत होतो. वेल्ह्याच्या वरच्या रानातली झाडं बाबांनीच दाखवली. "सर, जागा कुणाला सांगू नका. आमा दोघा भावांनाच ठावं हाय. लोकं मुळासकट नेत्यात." मी मान डोलावली आणि अहवालात नकाशा छापला, का तर त्यानं अहवाल भारदस्त दिसत होता. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर जागोजागी नुसते खड्डे, तुटक्या मुळ्या आणि तोच वास. बाबांचा भाऊ त्यांच्या अंगावर ओरडत होता, "रान इकलंस व्हय रं?" बाबांनी माझ्याकडं पाहिलं. अहवाल माझ्या पिशवीतच होता, तरी मी गप्प राहिलो. झाडं तोडणाऱ्यांपेक्षा त्या गप्प बसलेल्या माणसाचीच मला जास्त चीड येते. आज सकाळी वाडीवर जाऊन बाबांच्या देखत तो अहवाल भावासमोर आपटला. "नकाशा मी छापला. बाबांनी काही विकलं नाही." भाऊ म्हणाला, "पाच वर्सं म्या भावाशी बोललो न्हाई, सर. त्याचं काय?" मी बाबांचे पाय धरले आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशीच बोलायला हवं होतं. मला माफ करा."