व्याहीणबाईंसाठी रशियन

दीड वर्षापूर्वी, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, मी रशियन शिकायला सुरुवात केली. सांगलीत शिकवणारं कुणी सापडलं नाही. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं एक व्याकरण, फोनमधलं एक ॲप आणि निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ, एवढीच सामग्री होती. वर्तमानपत्राच्या टेबलावर इतरांच्या बातम्या तासण्यात आयुष्य गेलं होतं आणि साठी उलटली होती.

हे आज लिहायला निमित्त हळदीच्या वासाचं. काल संध्याकाळी नदीपलीकडच्या रस्त्याने येत होतो. शिवारात हळद शिजत होती. बॉयलरमधून निघणारी वाफ, वारा पडलेला असला की, खाली उतरून रस्त्यावर बसते. वास गोड नाही, कडूही म्हणवत नाही. ओल्या मातीचा, कंदाचा, थोडा औषधी. माघ-फाल्गुनात सांगलीकरांना तो वेगळा जाणवतही नाही, इतका हवेत मुरलेला असतो. मला मात्र गेल्या वर्षापासून त्या वासाबरोबर एक परकं स्वयंपाकघर दिसतं: काचेवर साचलेलं बर्फ, निळी किटली, आणि टेबलाशी बसून सूप पिणारी एक बाई.

ती बाई म्हणजे आमच्या व्याहीणबाई. लेक वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला गेली, व्होल्गेच्या काठच्या एका शहरात शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि बरोबर शिकलेल्या मुलाशी तिने लग्न केलं. जावई, त्याची आई आणि ती, असं तिघांचं घर. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या घरात आनंदाच्या पाठोपाठ एक पेच येऊन बसला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. लेकीला डॉक्टरांनी प्रवासाची मनाई केली होती. बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे आमचंही जाणं होण्यासारखं नव्हतं. तिकडच्या युद्धाच्या बातम्या मी रोज वाचत होतो आणि घरात बोलत नव्हतो. थोडक्यात, लेकीचं बाळंतपण व्याहीणबाईंच्या हाती सोपवायचं होतं, आणि ज्यांच्या हाती सोपवायचं त्यांच्याशी आम्हाला एक शब्द बोलता येत नव्हता.

तोवर सगळं बोलणं लेकीमार्फत चालायचं. आम्ही मराठीत सांगायचं, तिने रशियनमध्ये, आणि उलट. हिला ते मान्य होईना. हिचं माहेर दुष्काळी माण तालुक्यात, दहिवडीकडे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिची भाषा तिकडचीच राहिली आहे. “पोरीचं बाळंतपण पोरीच्याच तोंडानं कसं सांगू मी?” ती म्हणाली. “ती निम्मं सांगल, निम्मं गिळल. आवं, बाईनं बाईला सांगायचं असतंय ते.” जन्मभर मी दुसऱ्याच्या मजकुरातला नको तो भाग काढून टाकण्याचंच काम केलं होतं. मधल्या माणसाच्या हातात काय असतं ते मला ठाऊक होतं.

सकाळी नदीच्या घाटावर फिरताना मी शब्द पाठ करायचो. बरोबर एक निवृत्त सुभेदार असायचे, मूळ खंडाळ्याकडचे, उसाची जमीन भावाकडे सोपवून मुलाजवळ राहायला आलेले. माझी पुटपुट त्यांनी चार दिवस ऐकून घेतली. मग म्हणाले, “काय रं गड्या, तिकडं ऊस लावणार हाईस व्हय?” कारण सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले. फौजेत रशियन बनावटीच्या रणगाड्यांवर त्यांची नोकरी झाली होती. ती लिपी त्यांना तोंडओळखीची होती, भाषा नव्हती. “अक्षरं वळखतो. बोलायचा परसंग न्हाई आला,” ते म्हणाले. “रणगाड्याला काय इचारायचं असतंय, बरा हाईस का म्हणून?”

भाषा अपेक्षेपेक्षा जवळची निघाली. तिला विभक्त्या आहेत, आणि मराठी माणूस विभक्तीला भीत नाही. तू आणि तुम्ही हा भेद तिथेही पाळतात. साखरेला जवळजवळ साखरच म्हणतात आणि चहाला चायच. शिवाय वर्तमानकाळी साध्या वाक्यात ‘आहे’ लागत नाही. ‘ती डॉक्टर.’ ‘हे घर.’ मथळे करताना आम्हीही ‘आहे’ आधी उडवायचो, त्यामुळे मला ती सगळी भाषाच मथळ्यांत बोलते आहे असं वाटायचं. एके दुपारी शब्दकोशात ‘व्याहीण’ शोधू लागलो. इंग्रजीत या नात्याला सुटसुटीत शब्द नाही, हे टेबलावर कितीदा तरी अडलेलं. रशियनमध्ये होता: स्वात्या. हिला सांगितलं. तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि सांडगे वाळत घालायला गच्चीवर गेली. “नाव हाय म्हणजे नातं मानत्यात,” जिन्यातून म्हणाली.

दिवाळीनंतर दर रविवारी संध्याकाळी आम्ही व्याहीणबाईंना थेट व्हिडिओ फोन लावू लागलो. ती वेळ लेकीच्या ड्यूटीची असायची, मुद्दामच निवडलेली. व्याहीणबाई उंच, अबोल, केस घट्ट बांधलेल्या. त्या सावकाश बोलायच्या, मी त्याहून सावकाश. हवापाणी झालं की ही मला कोपराने ढोसायची आणि मी ठरलेला प्रश्न विचारायचो: ती जेवली का? पुढच्या रविवारी पुन्हा: ती जेवली का? दुपारी काय जेवली? माणात कुणाच्याही दारात हाच पहिला प्रश्न असतो. लेक झाली तेव्हा मी हिला आणायला दहिवडीला गेलो होतो, तेव्हा एसटीतून पाय खाली टाकायच्या आत सासऱ्यांनी विचारलं होतं, जेवून आलाय का. त्यांच्या वाड्यावर तेव्हा मेंढरांनाही चारा नव्हता. त्या मुलखात हा प्रश्न कोरडा विचारत नाहीत. उत्तर ‘नाही’ आलं तर असेल त्यातलं पान वाढावं लागतं, म्हणून विचारणाऱ्याची तयारी असते. हे सगळं माझ्या त्या दोन-तीन शब्दांच्या रशियन वाक्यात मावणारं नव्हतं, आणि मावत नाही हे मला कळलंही नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी तो प्रश्न विचारला आणि व्याहीणबाई उठल्या. फोन त्यांनी हातात घेतला. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं आणि आतला एकेक कप्पा आम्हाला दाखवला. मग शेगडीवरचं पातेलं, झाकण काढून. मग फळीवरच्या बरण्या: काकडी, टोमॅटो, कसलीशी लाल फळं. मग पाव. सगळं दाखवून झाल्यावर त्या परत टेबलाशी बसल्या आणि एक वाक्य म्हणाल्या. ते मला पूर्ण समजलं. समोरच्याचं वाक्य एकही शब्द न गळता समजण्याची ती पहिलीच वेळ होती.

“माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही.”

मी हिला मराठीत सांगण्याआधीच ती म्हणाली, “बाई दुखावली. आपुन तिच्या चुलीत डोकावतोय असं वाटलं तिला.”

आमच्याकडे अशी पद्धत आहे, असं मला सांगायचं होतं. ‘पद्धत’ला शब्द आठवेना. व्याकरण आतल्या खोलीत होतं. मी दोन वाक्यं सुरू केली आणि दोन्ही अर्धवट सोडली. समोरचा चेहरा तसाच होता. फोन या क्षणी बंद झाला तर पुढच्या रविवारी तो उचलला जाईलच, याची खात्री देता येत नव्हती; आणि बाळंतपण दोन महिन्यांवर होतं. हिने माझ्या हातावर हात ठेवला.

“ते ऱ्हाऊ द्या. तिला इचारा, तुमी जेवला का?”

मी विचारलं. पहिल्यांदाच त्या प्रश्नात ‘ती’ नव्हती, ‘तुम्ही’ होतं.

व्याहीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. हातातला फोन त्यांनी टेबलावर उभा केला. मग म्हणाल्या, “येश्शो न्येत.” अजून नाही. लेक आणि जावई कामावर गेल्यावर त्यांनी घर आवरलं होतं, रात्रीचं करून ठेवलं होतं, आणि खायचं राहिलं होतं. हे तुटक तुटक, पण मला समजलं.

“मग आधी जेवा म्हनावं,” ही म्हणाली. “आमी हाय हितंच.”

त्यांनी सूप वाढून घेतलं, पाव घेतला आणि त्या जेवल्या. आम्ही इकडे बसून राहिलो. मधेच हिने बोटाने दाखवलं, अजून घ्या, आणि त्यांनी घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी वाडगा तिरका करून, रिकामा झालेला, आम्हाला दाखवला. तेव्हा हसल्या.

त्यानंतरच्या रविवारांत डिंकाचे लाडू, शेक, हळद-दूध यांची देवघेव झाली. शेकासाठी शब्द सापडला नाही. हिने उशीला बाळंतीण करून आणि तव्यावर फडकं तापवून तो दाखवला. हळकुंडांचं पार्सल पोहोचायला फार दिवस लागले, पण पोहोचलं. व्याकरण माझं मात्र तिथेच थांबलं आहे. आजही मी क्रियापदं चुकवतो, आणि समोरून कुणी भरभर बोललं तर ‘सावकाश’ एवढंच म्हणू शकतो. साठीनंतर शिकलेली भाषा बहुधा अशीच राहते: एका माणसापुरती, एका टेबलापुरती. सुभेदारांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग झालं की. सगळ्या रशियाला कुठं जेवाय घालायचंय तुला?”

गेल्या माघात, शिवारात हळद शिजायला लागली होती तेव्हा, एके सकाळी व्याहीणबाईंचा लेखी संदेश आला. चार वाक्यं होती, एकातही ‘आहे’ नव्हतं. मी ती शब्दकोश न उघडता वाचली आणि हिला मराठीत सांगितली. मुलगी. दोघी सुखरूप. ती जेवली. मीही.

दुपारी लेकीचा फोन आला. चारही गोष्टींना तिने दुजोरा दिला. त्यानंतर ही जेवायला बसली.