दाजींची ढवळी आणि पारवी

दोन हजार पंचवीस साल, आणि मला अडुसष्टावं लागलेलं. एवढ्या वयात माणसं लय बघितली, पण आमच्या दाजींसारखा चिकित्सक गडी कृष्णेच्या काठापासून पार आटपाडीच्या माळापर्यंत दुसरा जन्मला नाही, हे मी चौथी शिकलेला माणूस लिहून देतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. मिलिटरीत ट्रक चालवून आलेले, राहणार आटपाडी. एकाच किटलीतला चहा दोन कपांत ओतला तरी दोन्हींतला घोट घेतल्याशिवाय कोणता प्यायचा हे ते ठरवत नाहीत. लग्नाआधी अक्काला बघायला तीन वेळा वाईला आले. चौथ्यांदा आले तेव्हा आमचे वडील म्हणाले, "पाव्हणं, आता पोरगी बघायची न्हाई, न्यायची."

अशा माणसानं पंचाहत्तरीच्या तोंडावर विजेवरची गाडी घ्यायचं मनावर घेतलं. कारण अक्काचे गुडघे. एसटीची पायरी तिला चढवेना, आणि माहेर तर दीडशे किलोमीटरवर. एक गाडी सांगलीच्या शोरूममध्ये, पांढरी. एक साताऱ्याच्या, निळसर. दोन्ही बेताच्याच, पण जमिनीपासून उंच. त्यांची इंग्रजी नावं दाजींच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी जनावराला ठेवावी तशी नावं ठेवली, ढवळी आणि पारवी. आणि मग जनावराच्या बाजारात करतात तशीच पारख सुरू केली. चारी बाजूंनी फिरून बघायचं, पाठीवर थाप मारायची, चालवून बघायचं, चढाला लावून बघायचं. एका भरल्या चार्जिंगला चारशे किलोमीटर जाते असं शोरूमची बाई म्हणाली, तर हे म्हणाले, विकणाऱ्याच्या बोलण्यातला तिसरा हिस्सा वाऱ्यावर सोडायचा असतो. चार्जिंगला तासभर उभी राहते म्हटल्यावर विचारलं, "म्हंजे रवंथ तेवढाच का?" ती बाई बिचारी कागदात रवंथ शोधत बसली.

टेस्ट ड्राइव्हला जाताना सोबत पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. तो शेजारच्या सीटवर ठेवायचा, गाडी चार गतिरोधकांवरून न्यायची आणि किती पाणी हिंदकळलं ते बघायचं. साताऱ्यात म्हणे सीट भिजली, तर हे शांतपणे म्हणाले, पाणी सांडलं ते बरं झालं, आता खरं कळलं. दुसऱ्या हातात अक्काची काठी. घरच्या ज्या कॉटवरून अक्काला आधाराशिवाय उठता येतं, तिच्या उंचीची खूण दाजींनी काठीवर कोरलेली. ढवळीची सीट त्या खुणेच्या चार बोटं खाली, पारवीची बरोबर. पण पाणी पारवीत जास्त सांडलं. झालं, गडी अडकला.

हे सगळं मला कसं माहीत, तर फोनवरून. मी काही त्यांच्या दारात गेलो नव्हतो. सात वर्षांमागं भाच्याच्या लग्नात मानाचे फेटे बांधले, त्यात सख्ख्या मामाचा, म्हणजे माझा, नंबर चौथा लागला. मी जेवलो नाही, तसाच उठून आलो आणि पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. दाजींनीही समजूत काढली नाही. पाच वर्षं दोन्हीकडं मुकं. मग एका रविवारी संध्याकाळी दाजींचा फोन आला. ना राम राम, ना कसा आहेस. "तू ट्रॅक्टर राखलायस. पुढच्या चाकावर ओढणारी गाडी चांगली का मागच्या?" मी म्हणालो, मागच्या. तेव्हापासून दर रविवारी फोन. ते ढवळी म्हणाले की मी पारवी म्हणायचो, ते पारवीकडं झुकले की मी ढवळीचे गुण गायचो. दोन वर्षं असं चाललं.

बोलणं संपत आलं की मागून अक्काचा आवाज यायचा, "घाटाच्या किती पायऱ्या उघड्या हायत, इचारा त्याला." ती त्या पायऱ्यांवरूनच पोहायला शिकलेली. म्हणून मी रविवारी दुपारी वाईतल्या कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजून ठेवायचो. नऊ म्हटलं की ती नुसती "नऊ" म्हणायची, आणि फोन बंद व्हायचा. कधी वाटायचं, आपणच उलटसुलट बोलून दाजींना ठरवू देत नाही. पण जीभ माघार घेईना.

यंदा गौरी-गणपती झाल्यावरच्या रविवारी फोन अक्कानंच केला. दाजी मळ्यात गेले होते. मी म्हटलं, अक्का, त्यांना सांग, कुठली बी घ्या, मी आता काही बोलत नाही.

अक्का म्हणाली, "गाडी आखाडातच आली रं. पारवी. दारात झाकून ठिवलीया."

मला काही सुधरेना. दोन महिने झाले की. गेल्याच रविवारी तर दाजी ढवळीच्या डिकीत बाजरीची किती पोती बसतात ते सांगत होते.

"मग माझ्याशी ही तुलना कशाला लावलीया?"

"दुसरं काय बोलत्याल तुझ्यासंगं?"

"आन् तू? तू का आली न्हाईस?"

"म्या म्हणलं, सोडा मला वाईला. तर म्हणत्यात, तू काय टपाल हाईस व्हय, नेऊन टाकायला? भाऊ न्यायला येईल तवा जाशील, मान्सावानी. गाडी मी चालवतो, म्होरच्या सीटवर त्यो बसंल." मग हळूच म्हणाली, "सात वर्सं कोण आलंय रं मला न्यायला?"

आमच्यात लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी मात्र गाडीची वाट बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेटा घरीच बांधला, म्हणजे तिथं कुणाचा कितवा हा प्रश्नच नको. घाटावर जाऊन पायऱ्या पुन्हा मोजल्या, सात होत्या. आणि आटपाडी गाठायला वाई स्टँडवरून साताऱ्याची पहिली एसटी धरली.